आवळलेला ढोल

रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात आणि पालखी गावात फिरू लागते. गेल्या वर्षी त्या पालखीतला खालूबाजा मी मोबाइलवर टिपला. पेणला घरी येऊन ऐकलं, तर ढोलाची थाप पडली की सनई दबत होती आणि थापेनंतर गर्दीचा गलका फुगून वर येत होता. वादक चोख होते. घोटाळा होता फोनमधल्या, आवाज आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा. पुढे खालूबाजाचं एक स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळालं. त्यात जुन्या कॉम्प्रेसरची संगणकीय नक्कल मोठ्या अभिमानाने वापरली होती. ऐकू आलं ते मात्र माझ्या फोनच्याच जातीचं.

या जुन्या यंत्रांचं आज जे कौतुक चालतं, ते तपासून पाहायला हवं. फेअरचाइल्ड ६७० हा सुमारे ३० किलो वजनाचा, २० व्हॉल्व्हचा लिमिटर तबकड्या कोरताना आवाज मर्यादेत राहावा म्हणून वापरात आला. बिल पुटनम यांचा ११७६ हा १९६० च्या दशकातला. टेपवर आवाज फार मोठा झाला तर फाटायचा, फार लहान राहिला तर टेपच्या खरखरीत बुडायचा. या अडचणीवरचा तोडगाच पुढे लोकांची आवड बनला.

१९६६ मध्ये बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'साठी जेफ एमेरिक यांनी रिंगो स्टारचे ड्रम फेअरचाइल्ड ६६० मधून नेले, ते उत्तम जमलं. तिथे एकच ठेका सतत फिरतो, स्टुडिओत बाहेरचा गोंगाट नाही आणि दाबलेला आवाज हा रचनेचाच भाग आहे.

खालूबाजाचं गणित निराळं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेत चार आघात आले, तर दोन आघातांत फक्त १२५ मिलिसेकंद उरतात. ११७६ आवाजाला पकडतो २० ते ८०० मायक्रोसेकंदांत आणि सोडतो ५० ते ११०० मिलिसेकंदांत. तो जलद ठेवला, तर जड थाप दाबली जाते आणि पुढची हलकी थाप येईपर्यंत यंत्र मोकळं झालेलं असतं. मग जड-हलक्याचा फरक, म्हणजे ठेक्याचं वजनच, पुसट होतं. मंद ठेवला, तर ढोलाच्या एका टोल्याखाली पुढचे आठ-नऊ आघात, टिमकी आणि सनईसकट दबून राहतात. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक दिला तर हा दुसरा दोष कमी होतो. पण मिरवणुकीत एका माइकमध्ये एकच वाद्य येतं, असं कधी होत नाही.

कॉम्प्रेसर वाईट, असं मला म्हणायचं नाही. गाण्यात ढोल साथीला असेल तर थोडं आवरणं गायकाच्या सोयीचं असतं. ढोलाची आस उठून यावी म्हणूनही तो जपून वापरता येतो. माझा आक्षेप मूळ मुद्रणच आवळून ठेवण्याला आहे. एकदा दाबलेलं वजन नंतर हुबेहूब परत काढता येत नाही.

आता तर ती सक्तीही उरलेली नाही. २४ बिटांच्या मुद्रणाला तत्त्वतः १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. सर्वांत मोठ्या टोल्याच्या वर १२ डेसिबल जागा सोडून, आपोआप आवरणारी यंत्रणा बंद करून आवाज घ्यावा. ती मूळ फाइल जशीच्या तशी जपावी आणि कॉम्प्रेसरची हौस प्रतीवर भागवावी.

हे काम करायचं ते वादकांच्या पुढच्या पिढीसाठी. ही कला बघून-ऐकून शिकली जाते. जुना ढोलकरी गेल्यावर त्याच्या नातवाला शिकवायला ती फाइलच उरेल. तिच्यात सगळ्या थापा सारख्या वजनाच्या झाल्या असतील, तर तो पोरगा तसंच वाजवेल आणि आजोबाही तसेच वाजवायचे असं समजेल.