संवादकौशल्याचा तास आणि वस्तीचे दुखणे

वैद्यकीय शिक्षणात 'संवाद' हा शब्द अधिकृतपणे दाखल झाला तो २०१८ साली. भारतीय वैद्यक परिषदेने त्या वर्षी वृत्ती, नीती आणि संवाद ह्या तीन गोष्टींची एक पुस्तिका काढली. विद्यार्थी तिला 'एटकॉम' म्हणतात. सत्तावीस घटक, सारे वैद्यकीय शिक्षणभर पसरलेले. २०१९ च्या तुकडीपासून ती शिकवली जाऊ लागली. पुढच्या वर्षी परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यक आयोग आला, पण विषय राहिला. लातूर, नांदेड, अंबाजोगाई येथील शासकीय महाविद्यालयांतून हा अभ्यासक्रम पार करून बाहेर पडलेला डॉक्टर देवणीच्या सरकारी दवाखान्यात बसणार आणि समोर आमची माणसे बसणार. तेव्हा ही पुस्तिका केवळ डॉक्टरांचा घरगुती मामला नव्हे. मी भाषेचा मास्तर आहे. एखाद्या वाङ्मयकृतीकडे पाहावे तसेच मी तिच्याकडे पाहतो. तिच्यात कोण बोलतो, कोण ऐकतो आणि कोणाला जागाच नाही, एवढेच मी विचारणार आहे.

पुस्तिकेचा हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. डॉक्टर होणे म्हणजे काय आणि रुग्ण होणे म्हणजे काय, असे प्रश्न पहिल्याच वर्षी विचारणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु ह्या संवादशास्त्राचा सांगाडा इंग्रजी आहे. वाईट बातमी कशी सांगावी ह्याची सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' नावाची पद्धत अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांनी २००० साली मांडली. तिचेच धडे आपल्याकडेही दिले जातात. इंग्रजीत समोरच्या माणसाला 'यू' म्हटले की काम भागते. मराठीत भागत नाही. मराठीत तोंड उघडताच 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावे लागते आणि ते ठरवताना जात, वय, कपडे, पायांतली चप्पल ह्या सगळ्यांचा हिशेब मनातल्या मनात होऊन जातो. दवाखान्यात पाटलाची सून आली की 'काय होतंय ताई तुम्हाला?' आणि तिच्यामागे भीमनगरातली बाई आली की 'काय गं, काय झालं तुला?' दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे. दोन्हीत डॉक्टर हसतमुख असू शकतो, नजरेला नजर देऊ शकतो, मान डोलावू शकतो. परीक्षकाच्या तक्त्यावर दोघींच्या वेळी त्याला पूर्ण गुण पडतील. 'अरे-तुरे'चा रकाना त्या तक्त्यात नाही, कारण ज्या भाषेतून तक्ता आला त्या भाषेला तो रकाना लागत नाही.

कोणी म्हणेल, नाही, आमचे डॉक्टर सगळ्यांना 'मावशी' म्हणतात. म्हणतात खरे. झाडूवालीला मावशी, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला मामा. नात्याचा शब्द वापरून नाते टाळण्याची ही कला महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या इस्पितळात पाहायला मिळते.

आणि केसपेपर काढतानाच आडनाव विचारले जाते. आडनावावरून अंदाज नाही आला तर 'कुठल्या गल्लीतल्या?' संवाद सुरू होण्यापूर्वीच निम्मा संवाद संपलेला असतो.

हे आजचे नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मकथनपर टिपणात बाबासाहेबांनी एक पत्र दिले आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंतीण बायको अत्यवस्थ झाली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या नगरशेठाने दोन रुपये फीची हमी दिली तेव्हा तो आला, पण वस्तीच्या बाहेरच थांबला. दोन दिवसांच्या बाळासकट बाईला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने थर्मामीटर पाहिला, निदान सांगितले, निघून गेला. बाई मेली. ह्या प्रसंगात संवाद झाला नाही असे कोण म्हणेल? प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळाले, निदानही सांगितले गेले. फक्त मध्ये दोन माणसांचे अंतर होते. आज थर्मामीटर हातोहात फिरत नाही. पण तपासायला हात न लावता, खुर्चीतूनच गोळ्या लिहून देणारा डॉक्टर आमच्या वाचकांपैकी किती जणांनी पाहिला असेल ते त्यांनीच आठवावे.

इथे देवणीच्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. देवणी हे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते गाईबैलांच्या जातीमुळे. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जनावराचा डॉक्टर गोठ्यात येतो तेव्हा मालकाला किती विचारतो! रवंथ करतो का, पाणी पितो का, शेण कसे टाकतो, केव्हापासून गप्प उभा आहे. जनावर मुके म्हणून डॉक्टर विचारतो. आमची माणसे बोलती आहेत, म्हणून बहुधा त्यांना विचारायची गरज वाटत नसावी.

बोलती म्हणजे कशी? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख बीदर जिल्ह्यात होता. इथल्या मराठीला कानडीचा आणि दखनीचा वास आहे. 'जीव खालीवर होतोय', 'पोटात कालवतंय', 'अंगावरून जातंय' ही दुखण्याची भाषा आहे आणि तिच्यात रोगाची नेमकी खूणही आहे. पण एका शब्दापाशी मला थांबावे लागते. 'विटाळ.' बाईच्या पाळीला हाच शब्द आणि आमच्या सावलीलाही हाच शब्द. रुग्णाच्याच शब्दांत बोला, असा उपदेश संवादकौशल्याचे शिक्षक करतात. बरे आहे, मग भीमनगरातल्या बाईला 'विटाळ कधी आला होता?' असे विचारायचे काय? वस्तीतल्या कितीतरी बायकांनी हा शब्द टाकून दिला आहे. त्या 'पाळी' म्हणतात, 'एमसी' म्हणतात. ह्यात इंग्रजीचा सोस नाही, शब्दाने केलेल्या अपमानाला दिलेला नकार आहे. रुग्णाची भाषा म्हणजे गावाची सरसकट भाषा नव्हे, एवढे तरी त्या तासाला सांगितले जावे.

आता मुख्य मुद्दा. डॉक्टरांना बोलता येत नाही, म्हणून शिकवले पाहिजे, असे ह्या साऱ्या खटाटोपाचे गृहीत आहे. मला ते मान्य नाही. शेजारच्या बीड जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे उघड झाले, तेव्हा शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ह्या बायकांना डॉक्टरांनी काय सांगितले होते? पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. असे सांगितल्याचे अनेक बायकांनी बोलून दाखवले आहे. साधे, सोपे, बाईच्या भाषेतले, थेट काळजाला भिडणारे वाक्य! इथे संवादकौशल्य कमी पडले काय? उलट ते पुरून उरले. पाळीच्या दिवसांत कोयता थांबला तर मुकादमाचा खाडा पडतो, उचल फिटत नाही. ही बाईची अडचण डॉक्टरला नेमकी ठाऊक होती. ऐकण्याची कलाही होती, बोलण्याचीही. नव्हते ते बाईच्या हाती दुसरे मत घेण्याचे बळ, आणि नंतर जाब विचारण्याची जागा.

संशोधनात तर हे आणखी उघडे पडते. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकेत टस्कीगी येथे सहाशे काळ्या पुरुषांवर अभ्यास चालला. त्यातील ३९९ जणांना उपदंश होता. तुमचे 'रक्त बिघडले' आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले. पेनिसिलिन आल्यावरही ते दिले गेले नाही. ही माणसे अभ्यासात टिकून राहिली ती बरीचशी युनिस रिव्हर्स ह्या काळ्या परिचारिकेवरील विश्वासामुळे. ती त्यांच्यातली होती, त्यांच्या भाषेत बोलत होती, त्यांना गाडीत बसवून नेत होती. आपल्याच माणसाचा गोड शब्द कोणाच्या कामी येतो, हा प्रश्न आम्हांला टाळता येणार नाही. आज दवाखाना आणि वस्ती ह्यांच्यामधले सारे बोलणे आशाताई करते. डॉक्टरचे तुटक वाक्य ती उलगडून सांगते, बाईची लाज ती डॉक्टरपर्यंत पोहोचवते. कौशल्याचा तास डॉक्टरला, काम आशाला आणि मानधनासाठी मोर्चाही तिलाच.

आपल्याकडे २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या मुलींत आश्रमशाळेतल्या आदिवासी मुली पुष्कळ होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात आंध्रातील संमतिपत्रांचा हिशेब मांडला: ९,५४३ पैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या, १,९४८ वर अंगठे. लस चांगली की वाईट, हा वेगळा विषय आहे. संमती ही संवादाची कसोटी असेल तर इथे मुलीच्या आईशी कोणी बोललेच नव्हते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही भूगर्भाचे, मनाचे, पुनर्वसनाचे अभ्यासक आमच्या भागात आले. त्यांचे निष्कर्ष ज्या घरांतून उत्तरे नेली त्या घरांत परत आले काय?

निराळे घडू शकते, ह्याचे दाखले ह्याच महाराष्ट्रात आहेत. जामखेडला रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या अनेक दलित होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. गडचिरोलीत राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. बायका सांगत नाहीत, ह्या समजुतीचे ह्या आकड्यांनी काय केले ते वेगळे सांगायला नको. जामखेडचे महत्त्व मला अधिक वाटते, कारण तिथे जिला स्पर्श वर्ज्य होता तिच्याच हाती सवर्ण बाळंतिणीचे पोट तपासायचे काम आले.

शेवटी आमच्या मुलामुलींविषयी. आमच्या भागातून आरक्षणाच्या जागेवर मेडिकलला गेलेली मुलगी घरची बोली, शाळेची मराठी, बाजाराची दखनी अशा तीन भाषा घेऊन जाते. दुखणे कसे सांगतात हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. पण एटकॉमच्या तासाचे आत्मचिंतन तिला इंग्रजीत लिहायचे असते, आणि तिथे ती अडखळते. वसतिगृहात, वॉर्डात तिच्याशी वरिष्ठ कसे बोलतात ह्यावर त्या पुस्तिकेचा भर नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी डॉक्टरने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांवर पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले. त्याच वर्षी पावसाळ्यात संवादाचे पहिले तास सुरू झाले. ह्या विषयाचे गुण देताना परीक्षकांच्या शेजारी एक आशाताई आणि भीमनगरातली एक बाई बसवावी, आणि विद्यार्थ्याने त्यांच्याशी मराठीत, 'तुम्ही' म्हणून बोलावे. आयोगाला हे लिहून कळवायला आमच्या विद्यार्थी संघटनांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.