मुदत संपलेले डोमेन नाव आणि मालकीचा प्रश्न : एक चिकित्सा

२०२३ मध्ये उस्मानाबादचे नामांतर धाराशिव असे झाले व २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. पाट्या व शिक्के बदलले की जुने नाव निकालात निघते, असा सर्वसाधारण समज असतो. डोमेन नावाबाबत मात्र तो फसवा आहे. जुन्या नावाच्या डोमेनचे नूतनीकरण झाले नाही, तर ते कोणालाही नोंदविता येते आणि जुन्या पत्त्यावर येणारा विद्यार्थी वा ठेवीदार नव्या धारकाच्या दारी पोहोचतो. ‘गव्ह.इन’ नावे शासकीय यंत्रणांनाच मिळतात. महाविद्यालये व पतसंस्था यांच्या ‘कॉम’ किंवा ‘ओआरजी’ नावांना ते कवच नाही.

नोंदणी संपली की नावावरील हक्कही संपतो काय? भारतात डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नाही. यासंदर्भात दोन निकालांचा हटकून दाखला दिला जातो. रेडिफ विरुद्ध सायबरबूथ (१९९९) या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ‘रॅडिफ’ या नावास अंतरिम मनाई केली. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट (२००४) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नाव ही व्यवसायाची ओळख मानली व ‘पासिंग ऑफ’चे, म्हणजे दुसऱ्याच्या लौकिकावर आपला व्यवसाय चालविण्यास प्रतिबंध करणारे, तत्त्व त्यास लागू केले. तथापि, हे दोन्ही वाद सारख्या वाटणाऱ्या नावांचे होते, मुदत संपलेल्या नावाचे नव्हेत. त्यांनी संरक्षण दिले ते लौकिकाला. नोंदणीची मालकी कोणाची, हा प्रश्न त्यांत सुटलेला नाही.

लौकिक वर्षानुवर्षे टिकतो. नोंदणीचे घड्याळ दिवसांवर चालते. ‘कॉम’ नावाची मुदत संपल्यावर नोंदणी कंपनीच्या मर्जीने कमाल ४५ दिवस, पुढे ३० दिवस पुनर्प्राप्तीचे आणि मग ५ दिवस. त्यानंतर नाव खुले होते. आयकॅनच्या २०१३ पासूनच्या नियमानुसार पूर्वसूचना बंधनकारक आहेत. पण त्या जातात नोंदणीतील ईमेलवर, आणि तो ईमेल संकेतस्थळ बनवून देणाऱ्याचा असेल, तर संस्थेला काहीच कळत नाही.

लवादाचा मार्ग आहे. आयकॅनच्या धोरणान्वये नव्या धारकाचा हेतू त्याने नाव घेतले त्या दिवशीचा पाहिला जातो. ही बाब मूळ धारकाच्या पथ्यावर पडते. मात्र तत्पूर्वी व्यापारचिन्हाचा हक्क दाखवावा लागतो, आणि खरी गोम येथेच आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार केवळ भौगोलिक स्थान दर्शविणारे चिन्ह, त्यास वापराने वेगळी ओळख लाभली नसेल तर, नोंदणीस अपात्र ठरते. ‘उस्मानाबाद’ या शब्दापुढे ‘महाविद्यालय’ वा ‘पतसंस्था’ जोडलेले नाव बहुधा याच कोटीत मोडेल. त्यातच संस्थेने नामांतरानंतर जुने नाव स्वतःच टाकलेले असल्याने, तिने त्याचा त्याग केला, असा युक्तिवाद नवा धारक करू शकतो; आणि संस्थेचा नवा नामफलकच त्याचा पुरावा ठरेल.