काळ्या मातीवरची नेक्सॉन

टाटा नेक्सॉन समोरून बघू नये. समोरून ती आजच्या सगळ्याच गाड्यांसारखी भुवया चढवून बघते. गाडी शक्यतो पहिल्या घडणीची, म्हणजे २०१७ ते २०१९मधली असावी, आणि बघणाऱ्याने आठ-दहा पावलं मागे सरकून तिच्या बाजूला उभं राहावं. छत चालकाच्या डोक्याशी सर्वांत उंच आहे. तिथून ते मागे उतरायला लागतं, इतकं हळू की उतार नेमका कुठे सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही. खिडक्यांखालची रेषा मात्र मागे जाता जाता वर चढते. या दोघी एकमेकींना गाठायला निघतात तिथे काच निमुळती होते, आणि नुसती उंच पेटी होऊ शकली असती अशा गाडीला पाठीचा बाक मिळतो.

त्या चढत्या रेषेखाली फिक्या पांढऱ्या रंगाची एक पट्टी आहे. गाडी नवी असताना ‘हे काय चिकटवलंय’ म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. ती पट्टी हाताने झाकून बघा. दारांचा पत्रा एकदम जड वाटू लागतो, गाडी फुगते. हात काढला की वरची काच आणि छत खालच्या धडापासून सुटून वेगळं होतं, आणि डोळ्याला गाडी दोन-तीन बोटं बुटकी भासते. टाटांचे तेव्हाचे डिझाइन प्रमुख प्रताप बोस यांच्या चमूने २०१४च्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेला नमुना रस्त्यावर येईपर्यंत बराचसा तसाच राहिला, याचं श्रेय मी या पट्टीच्या हट्टालाही देतो. अर्थात सौंदर्याची किंमत मागच्या काचेने मोजली आहे. सकाळी फिरून झाल्यावर सोलापूरच्या होम मैदानाच्या कडेला चहा घेणाऱ्या गाडीमालकांत याबद्दल मतभेद नाहीत: “मालक, गाडी मस्तंय ओ, पण मागचं काय दिसत न्हाई.” खरं आहे. मात्र ज्याने ही काच छोटी केली त्याला काय मिळवायचं होतं, हे बाजूने बघणाऱ्याला कळतं.

आता लांबी. ३,९९४ मिलिमीटर. चार मीटरला सहा मिलिमीटर कमी. हा आकडा सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही, २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून आला आहे. चार मीटरच्या आतली लांबी आणि १,२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेल्या गाडीचं उत्पादन शुल्क त्या वर्षी २४ टक्क्यांवरून १६वर आलं, आणि भारतीय मोटारीला एक वृत्त मिळालं. वृत्तात लिहिणाऱ्याचं कसब मात्रा कुठे खर्च केल्या यात दिसतं. नेक्सॉनच्या डिझेल इंजिनाचा आकडाही वाचावा: १,४९७ सीसी. लांबीत सहा मिलिमीटर शिल्लक, इंजिनात तीन सीसी. एवढ्या काठावर चालूनही गाडी कापून बसवल्यासारखी दिसत नाही.

या वृत्तात उंच चाकांची गाडी पहिल्यांदा रचायला घेतली ती प्रीमियरने. २००९च्या अखेरीस आलेली, चिंचवडला तयार होणारी ‘रिओ’ आज कुणाला आठवत नाही. मागच्या दारावर स्टेपनी टांगलेली ती ठेंगणी गाडी फारशी खपलीच नाही. चार वर्षांनी फोर्डच्या इकोस्पोर्टने तीच कल्पना घरोघरी नेली. पण प्रीमियर हे नाव सोलापुरात जरा थांबून उच्चारायला हवं. ती कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद याच गावात १८८२ साली जन्मले. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ, मग फियाट आणि पुढे पद्मिनी निघाली. त्या फियाटचा भारतातला पुढचा संसार रांजणगावला टाटांच्या भागीदारीत थाटला गेला, आणि नेक्सॉन बाहेर पडते ती त्याच कारखान्यातून. सोलापुरातल्या नेक्सॉनवाल्याला हा धागा ठाऊक नसतो. मला तो गाडीच्या किमतीत फुकट मिळालेल्या सामानासारखा वाटतो.

आरामाची चर्चा गादीपासून सुरू करणारे चुकतात. ती जमिनीपासून सुरू करावी, आणि आपल्या जिल्ह्याची जमीन काळी आहे. मंगळवेढ्याची ज्वारी जिच्यात पिकते ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेलं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं, म्हणून इकडच्या आडरस्त्यांवर खड्ड्यांपेक्षा लाटा जास्त. खड्डा आणि लाट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. लाटेवर स्प्रिंग दबते ती सगळ्यांचीच दबते. प्रश्न ती परत उसळताना शॉकअब तिला किती घट्ट धरून ठेवतो याचा असतो. ढिला शॉकअब दुसरा झोका देतो, तिसरा देतो, आणि मागे बसलेल्याच्या पोटात कालवतं. नेक्सॉन एकदा उठते आणि बसते. त्या बसण्यात कुठेही धपकन आवाज नाही. शेवटची दोन बोटं ती जणू हात टेकवून उतरते.

खड्ड्यासाठी वेगळा हिशेब. तिच्या वरच्या श्रेणीतल्या टायरवर २१५/६० आर १६ असं कोरलेलं असतं. २१५ मिलिमीटर रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत १२९ मिलिमीटर रबराची भिंत. महिंद्रा ३एक्सओच्या वरच्या श्रेणीत १७ इंची रिम येते, दिसायला झोकदार. तिथे ही भिंत ११८वर येते. सेंटिमीटरभर रबराचा हा फरक शोरूममध्ये जाणवत नाही. उसाच्या हंगामात, ट्रॉल्यांनी कडा तोडलेल्या रस्त्यावर रात्री जाणवतो. त्यात २०९ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, त्यामुळे गावकऱ्यांनी स्वहस्ते घातलेल्या गतिरोधकांवर पोट घासत नाही. एवढं करून मागचा अ‍ॅक्सल साधाच आहे, प्रतिस्पर्ध्यांसारखाच दोन्ही चाकांना एका तुळईत बांधणारा. कुणालाही विकत मिळणारी सामग्री घेऊन हा पोत साधला आहे.

मालक मंडळींचं आरामाचं माप मला अभियंत्यांच्या मापांपेक्षा नेमकं वाटतं. पुण्याला निघाल्यावर घरातली म्हातारी कुठपर्यंत झोपली, एवढंच ते विचारतात. मोहोळला जाग आली तर गाडी कडक. टेंभुर्णी ओलांडली तर उत्तम. भिगवणला मासे खायला उठवावं लागलं, तर पुढे बोलायचं कारण नाही.

मागच्या आसनाची उंची बघा. तिथे बसायला खाली वाकावं लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही. गुडघेदुखीचं माणूस आधी बूड टेकवून मग पाय आत घेतं. बैठक मांडीला पुढपर्यंत आधार देते. रुंदी १,८११ मिलिमीटर, उंची १,६०७. मारुतीची ब्रेझा हिच्यापेक्षा उंच आणि अरुंद. त्यामुळे ब्रेझात डोक्यावर मोकळी हवा जास्त आणि नेक्सॉनमध्ये खांद्यांना खांदे कमी घासतात. मे महिन्यात पारा त्रेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या गावात मागच्या एसीच्या जाळ्या ही चैन राहत नाही, आणि नेक्सॉनने पहिल्या घडणीपासूनच त्या जाळ्यांना पंख्याचं वेगळं बटन दिलं. पुढच्या दारांत छत्रीसाठी खाच आहे. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात ती छत्री बहुधा उन्हासाठीच उघडते. मधल्या कन्सोलवर जुन्या लिहायच्या मेजासारखा सरकत गुंडाळला जाणारा झाकणपडदा आहे. त्याच्या खाचेत धूळ साचते, सोलापुरात ती साचणारच. तरी ते झाकण बोटाने लोटताना जो समान, दाणेदार अडथळा जाणवतो तो एकदा अनुभवावा.

इंजिनाचं वाचन तुळजापूरच्या घाटात करावं, तेही डिझेलचं. सुरुवातीचं डिझेल ११० अश्वशक्तीचं, पण खरा आकडा दुसरा: २६० न्यूटनमीटरचा जोर, तोही १,५०० फेऱ्यांपासून २,७५०पर्यंत सपाट. मालट्रकच्या मागे वेग पडलेला, तिसरा गिअर, काटा दीड हजाराच्या किंचित खाली. पाय दाबला तर क्षणभर काही होत नाही; टर्बो श्वास भरून घेतो. मग काटा ती रेघ ओलांडतो आणि गाडी गिअर न बदलता चढ कापायला लागते. मुरलेले चालक तो क्षण येऊच देत नाहीत, ट्रकमागे असतानाच दुसऱ्या गिअरमध्ये राहून काटा रेघेच्या वर ठेवतात. पेट्रोल नेक्सॉनचं इंजिन तीन सिलिंडरचं, आणि सिग्नलला उभं असताना त्याची बारीक थरथर स्टिअरिंगवर लागते. इथे ब्रेझाला दाद द्यावी. तिचं चार सिलिंडरचं १,४६२ सीसी पेट्रोल सात रस्त्याच्या गर्दीत सुरू आहे की बंद, हे कळायला काट्याकडे बघावं लागतं. पण महामार्गावर भरल्या गाडीने ओलांडायची वेळ आली की त्या मृदूपणाचा दाम द्यावा लागतो: तिचा १३७ न्यूटनमीटर जोर ४,४०० फेऱ्यांना भेटतो, नेक्सॉन पेट्रोलचे १७० त्याआधीच हजर असतात.

भरवशाचा विषय निघाला की चहाचा दुसरा कप येतो. गाडीने दगा देणं आणि गाडीने कुरकुर करणं, यांत ही मंडळी काटेकोर फरक करतात. रस्त्यात बंद पडली तर दगा. पडदा गोठला, सेन्सर उगाच ओरडला, तर कुरकुर. नेक्सॉनच्या खात्यावर ते कुरकुर अधिक लिहितात, दगा कमी. ब्रेझाच्या बाजूने त्यांचा मुद्दा यंत्राचा नसून माणसांचा असतो: करमाळ्यात असो की सांगोल्यात, तिचा आवाज ओळखणारा मेकॅनिक आणि तिचा सुटा भाग हाताशी सापडतो. हा गुण कोणत्याही माहितीपत्रकात छापता येत नाही. एप्रिल २०२०नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी धरणारी डीपीएफ नावाची गाळणी असते, आणि ती स्वतःला जाळून साफ करते ती लांब, सलग धावेतच. नुसत्या दुकान-घर फेऱ्या मारणाऱ्याचा दिवा पेटतो. अक्कलकोटला दर गुरुवारी जाणाऱ्या एका गृहस्थांचा कधीच पेटला नाही. चाळीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, बऱ्यापैकी एका वेगात. स्वामींचं दर्शन आणि गाळणीची सफाई एकाच फेरीत उरकते.

सुरक्षेबद्दल मंडळी पाच तारे म्हणून मोकळी होतात. मला तारीख महत्त्वाची वाटते. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नेक्सॉनला ऑगस्ट २०१८मध्ये चार तारे मिळाले होते, आणि ते पुरेसे कौतुकाचे होते. कंपनी पुन्हा गेली. पुढच्या दोन्ही आसनांना पट्ट्याची आठवण देणारी सूचना आली, बाजूच्या धडकेचा निकष पार झाला, आणि डिसेंबरमध्ये पाचवा तारा लागला. भारतात बनलेल्या गाडीला तो पहिल्यांदाच. म्हणजे पट्टा न लावल्यावर जो टुंटुं आवाज येतो आणि जो बंद करायला लोक नुसती क्लिप खोचून ठेवतात, तो आवाज त्या ताऱ्याचा एक हिस्सा आहे.

प्रतिस्पर्ध्यांत एकाच वृत्तातली वेगळी रचना बघायची तर नाशिकची ३एक्सओ बघावी. एकूण लांबी ३,९९०, पण दोन चाकांमधलं अंतर २,६०० मिलिमीटर, नेक्सॉनचं २,४९८. महिंद्राने मात्रा गुडघ्यांवर खर्च केल्या आणि डिकीत काटकसर केली. कियाच्या सॉनेटने आणखी कुठे खर्च केला: तिचं डिझेल टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकसह येतं आणि गिअर लोण्यासारखे बदलतात, तर नेक्सॉनच्या एएमटीत प्रत्येक बदलाला मान किंचित पुढे जाते. ब्रेझाने लांबी पाळली पण पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या वर ठेवलं, म्हणून २२ सप्टेंबर २०२५पासून तिला ४० टक्के जीएसटी आणि नेक्सॉनला १८.

टॉवेलचा कारखाना असलेल्या आमच्यातल्या एकाने मात्र यातलं काही ऐकून घेतलं नाही. तो मोजपट्टी आणि टेरी टॉवेलचा एक बांधलेला गठ्ठा घेऊन चारही शोरूममध्ये गेला. गठ्ठा नेक्सॉनच्या डिकीत आडवा बसला आणि दार पहिल्याच दाबाला लागलं. मागची काच छोटी आहे असं विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “असू दे की. गठ्ठे भरल्यावर तसंबी काय दिसणारंय?”