पारंपरिक वेशात यावे, म्हणजे कुणाच्या?

आमचे समीक्षक गाण्याची समीक्षा करतात. सूर कसा लागला, ढोलकी कशी बोलली, शब्दाला धार किती. गाणं ऐकायला जाताना अंगात काय घालायचं, हा प्रश्न त्यांना वाङ्मयबाह्य वाटतो. घरातल्या बायकांनी आरशापुढं सोडवायचा. मला तसं वाटत नाही. आपला माणूस गाण्याला काय घालून निघतो, त्यात त्याचा निम्मा इतिहास असतो. तेव्हा आज समीक्षा सदऱ्याची आणि साडीची.

निमित्त एका निमंत्रणपत्रिकेचं. कुडाळात गाण्याचा कार्यक्रम. लावणी, गोंधळ, कोळीगीतं, मधेच गिटार. पत्रिकेच्या तळाशी एक ओळ : रसिकांनी पारंपरिक वेशभूषेत यावे. माझ्या भाचीने ती वाचली नि आईला विचारलं, "आये, मिया काय घालू गो?" ताई म्हणाली, "चौदा एप्रिलाची पांढरी साडी नेस." पोरगी म्हणाली, "ता तेंच्या पारंपरिकात बसना नाय. तेंका नऊवारी नि नथ होयी."

पोरीने नेमकं बोट ठेवलं. नऊवारी, नथ, खोपा, फेटा, जरीचं उपरणं. ज्यांची ही परंपरा आहे त्यांनी ती खुशाल मिरवावी. पण दोस्तहो, आमची परंपरा काय? मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. चांडाळाने मेलेल्याची वस्त्रं पांघरावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, असं तिथं नेमून दिलेलं आहे. म्हणजे पत्रिका छापणाराच्या किती तरी आधी आम्हाला पोशाखाचा हुकूम मिळालेला होता. तो वेश करून आलो तर चालेल काय तुमच्या पहिल्या रांगेत?

तो हुकूम जळाला महाडला, २५ डिसेंबर १९२७ ला. पुस्तक जळाल्याचं सगळे सांगतात. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी लुगड्याबद्दल बोलले, ते कमी सांगितलं जातं. लुगडं नेसायच्या तुमच्या तऱ्हेवरून लोक तुमची जात ओळखतात, ती तऱ्हा सोडा. गळ्यातल्या गळसऱ्यांचा आणि हातातल्या कथला-चांदीचा भार उतरवा. असा त्याचा आशय. बायकांनी लुगडी पायघोळ नेसली. आमच्या पोशाखाची परंपरा तिथून मोजा. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली, आणि ताईच्या ट्रंकेतली साडी त्या दिवसाची नात आहे.

आमच्या वाडीत भीमगीतांचा सामना असला की दुपारपासून इस्त्री चाले. इस्त्री कसली? पितळेच्या तांब्यात करवंटीचे निखारे. एप्रिलचा कोकणी घाम, सदरा अर्ध्या तासात भिजून चिकटणार हे ठाऊक, तरी घडी मोडू द्यायची नाही. गायक शेजारच्या तालुक्यातला, पेटी उसनी, दिवा पेट्रोमॅक्सचा. पण ऐकणारा उसन्या कपड्यात नसे. गाणं सुरू व्हायच्या आधीच तो आपलं म्हणणं मांडून बसलेला असे.

यावर पांढरपेशे म्हणतात, ही नक्कल. जे घालायला बंदी होती ते घातलं तर नक्कल कशी? तो वसूल केलेला हक्क. अमेरिकेत मॉडर्न जाझ क्वार्टेटचे काळे वादक पन्नासच्या दशकापासून काळे टक्सिडो घालून वाजवीत. आमचं वादन मानाने ऐका, हे त्यांना कपड्यातूनही सांगायचं होतं. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा मंचावर आला तो करड्या सुटांत. गाना हे चेन्नईच्या झोपडपट्ट्यांतलं गाणं, आणि गाणारे सुटात. लोककलावंत म्हटला की घोंगडीच पाहिजे, या हौसेला ते उत्तर होतं. आपल्या चौकाचौकांतला निळ्या सुटातला पुतळा तेच उत्तर देत उभा आहे.

पण आपलंही तपासू. पांढऱ्याचाही आपण हुकूम करत चाललो आहोत. जयंतीला पोरगी जीन्समध्ये आली की आपल्यातलेच चार जण नाकं मुरडतात, आणि पोरग्याला मात्र कोणी हटकत नाही. हे मला पटत नाही. महाडला मिळाली ती निवड. तिचा गणवेश केला तर मनूने केलं तेच आपण वेगळ्या रंगात करणार.

कुडाळजवळच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या प्रसिद्ध आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. बाहुलीला कपडे खेळवणारा घालतो, तिने विचारायचं नसतं. बाहुलीला ते शोभतं. तिकीट काढून खुर्चीवर बसलेल्या माणसाला शोभत नाही.

भाची गेली. निळा कुडता, जीन्स, पायात साध्या चपला. दारावरच्याने वर-खाली बघितलं. ती आत जाऊन बसली, आणि ढोलकी चांगली होती म्हणाली.

माझं मागणं मोठं नाही. पत्रिकेवर वेळ छापा, जागा छापा, तिकिटाचा दर छापा. कपड्याचं आमचं आम्ही बघू.