दोन उत्तरांचं कोडं

गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात, आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात, एका स्नेह्यांनी मला विचारलं, "अहो, तुम्ही एवढे डॉक्टरेट वगैरे झालेले. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे डोकं फोडता आणि शनिवार-रविवारी पुन्हा शब्दकोड्याच्या चौकटी भरत बसता. त्यातून मिळतं काय?" समोर मसालेभात वाढला जात होता, त्यामुळे मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. हा लेख म्हणजे त्यांना उशिरा दिलेलं उत्तर समजावं.

उत्तरासाठी मी एकच कोडं निवडलं आहे. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी, अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये ते छापून आलं. रचनाकार होते जेरेमाया फॅरेल, इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक, आणि संपादक विल शॉर्ट्झ. त्या वेळी मी शाळेत होतो, पुण्यात. कोड्याची गाठ पडली ती दहा वर्षांनी, पदवीचा प्रबंध रखडलेला असताना, २००६ सालचा 'वर्डप्ले' हा माहितीपट पाहताना. घरी येऊन रात्री दोनपर्यंत मी ते कागदावर पुन्हा मांडत बसलो होतो.

कोडं असं. पंधरा बाय पंधराच्या चौकटीत मधल्या ओळीला एक सूचक शोधसूत्र: उद्याच्या वर्तमानपत्रातली मुख्य बातमी. ओळीचा दुसरा अर्धा भाग 'इलेक्टेड', म्हणजे 'निवडून आले'. पहिल्या अर्ध्यात सात घरं. मतमोजणी तर अजून व्हायची आहे! अनेकांनी तिथे 'क्लिंटन' लिहिलं आणि चिडून टाइम्सला फोन केले, की तुम्ही निकाल आधीच कसा जाहीर करता? गंमत अशी, की इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे 'बॉब डोल' हेही सातच अक्षरांचं नाव, आणि तेही त्याच घरांत बिनचूक बसत होतं.

हे कसं साधलं, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकन कोड्यात प्रत्येक घर दोन शब्दांत असतं, एक आडवा आणि एक उभा. आडव्यात चूक झाली तर उभा शब्द ती पकडतो. आम्ही इंजिनिअर मंडळी संदेश पाठवताना चूक सापडावी म्हणून जादा अंक जोडतो, त्यातलाच हा प्रकार. आता ही दोन नावं एकाखाली एक मांडून पाहा: सातही जागी अक्षरं वेगळी. म्हणजे उभे सातही शब्द असे हवेत, की एक अक्षर बदललं तरी शब्द शब्दच राहील आणि एकच शोधसूत्र दोघांनाही लागू पडेल. हॅलोवीनचा काळा प्राणी: 'कॅट' किंवा 'बॅट'. शिवणाच्या दुकानातली खरेदी: 'यार्न' किंवा 'यार्ड'. आधार देणारं, थोडक्यात: 'आयआरए' किंवा 'ब्रा'. पहिलं म्हणजे आपलं निवृत्तीचं खातं. दुसऱ्याचं स्पष्टीकरण मागू नये!

सात ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे एकूण १२८ प्रकारे ती ओळ भरता येते. त्यातल्या १२६ भरण्या निरर्थक आहेत. अर्थ फक्त दोहोंना आहे आणि ते दोघे त्या दिवशी मतपत्रिकेवर समोरासमोर उभे होते.

आता कौतुक बाजूला ठेवून थोडं परीक्षण. सातही जोड्या सारख्या तोलाच्या नाहीत. 'फ्रेंचच्या पहिल्या वर्गातला शब्द' या सूत्राला 'लुई' आणि 'उई' ही उत्तरं चालतात, पण तशी फ्रेंचमधले शेकडो शब्द चालतील. सूत्र इतकं सैल, की ते काही सांगतच नाही. 'छोटं लिखाण' यासाठी 'बायोज' ठीक, 'बिट्स' मात्र ओढूनताणून. याउलट 'ट्रम्पेट' या एका शब्दाला 'बोस्ट' म्हणजे बढाई मारणं आणि 'ब्लास्ट' म्हणजे जोराने फुंकणं ही दोन्ही उत्तरं अस्सल आहेत. खाली आणखी एक पूर्ण ओळ आहे, 'मिस्टर प्रेसिडेंट', विजेत्याला पुढच्या वर्षी लावायची उपाधी. ती दोघांनाही लागू पडते, पण क्लिंटन त्या वेळी अध्यक्ष होतेच. तराजूचा काटा तिथे केसभर त्यांच्याकडे झुकतो, असं मला वाटतं.

मोठा आक्षेप वेगळाच. कोड्याला उत्तर एकच असावं, हा सोडवणारा आणि रचणारा यांच्यातला अलिखित करार. तो इथे मोडला नाही का? माझं मत असं, की मोडला नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा सूत्र खोटं असतं. इथे प्रत्येक सूत्र दोन्ही बाजूंनी खरं आहे. अनिश्चितता रचनाकाराने आणलेली नाही, ती त्या दिवशी देशातच होती. त्याने ती प्रामाणिकपणे चौकटीत उतरवली.

ब्रिटिश पद्धतीच्या गूढ कोड्यांच्या व्याख्येत हे कोडं बसत नाही. त्यात प्रत्येक सूत्राचे दोन भाग असतात: एक सरळ अर्थ आणि एक शब्दाची मोडतोड. आपल्याला हे नवं नाही. शाळेत आपण सभंग आणि अभंग श्लेष शिकलो, तोच हा मामला. उदाहरणार्थ, 'गाडीपुढे ओझं ठेवलं की संस्थेची व्यवस्था लागते (४)'. 'कार' आणि 'भार' मिळून 'कारभार'. किंवा 'उलटून आलं तरी तेच नवं आयुष्य (५)'. 'नवजीवन' उलट वाचून पाहा. आपल्या मोरोपंतांनी तर ओठ न मिटता उच्चारता येईल असं निरोष्ठ रामायण रचलं. त्यांच्या हाती चौकटी पडल्या असत्या तर काय झालं असतं, कोण जाणे!

मग मराठीत फॅरेलसारखं कोडं का नसावं? मी गेला हिवाळा त्यात घालवला. पहिली अडचण लिपीची. इंग्रजीत एका घरात सव्वीसपैकी एक अक्षर. मराठीत व्यंजनं आणि बाराखडी यांचा गुणाकार केला की जोडाक्षरं सोडूनही घरात बसू शकणारी चिन्हं चारशेच्या वर जातात. इतक्यांत दोन शब्द एकाच अक्षरावर भेटणं अवघड, म्हणून आपल्या कोड्यांत काळी घरं जास्त. क्लॉड शॅननने १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच सूत्र मांडलं होतं: भाषेत पुनरावृत्तीचा अंश किती, यावर तिच्यात मोठी शब्दकोडी रचता येतील की नाही, हे ठरतं.

तरी दोन जोड्या हाती लागल्या, त्याही स्वयंपाकघरात. 'डब्यातलं, बहुधा पांढरं (२)': 'मीठ' किंवा 'पीठ'. 'पंगत बसण्याआधी काय मांडतात? (२)': 'पाट' किंवा 'ताट'. या माझ्या आईला फोनवर सांगितल्या तर तिने दोन्हींची दोन्ही उत्तरं तिथल्या तिथे दिली. पण 'मी' आणि 'पी', 'पा' आणि 'ता' यांतून आडवी दोन नावं काही जुळेनात.

शेवटी जुळलं ते एवढंच. आडवं: 'घर कुठे? (३)'. उभं, त्याच पहिल्या घरातून: 'किती आठवण येते? याचं मोघम उत्तर (३)'. 'इकडे' लिहिलंत तर खाली 'इतकी' येतं. 'तिकडे' लिहिलंत तर 'तितकी'. दोन्ही बरोबर. पण फॅरेलला लावलेला निकष मलाही लावायला हवा. 'कॅट' आणि 'बॅट' यांचं एकमेकांशी काही नातं नाही, ते योगायोगाने भेटतात. माझी जोडी व्याकरणाने तयार करूनच ठेवलेली आहे. कष्ट कमी, म्हणून मोलही कमी.

तरीही ते कोडं मी फाडलं नाही. उन्हाळ्यात वडील इथे आले होते. पुण्याचा फ्लॅट ठेवायचा की विकायचा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, "बघू." गेली वीस वर्षं मी हेच म्हणतो आहे. जेवणाच्या टेबलावर पडलेला तो कागद त्यांनी उचलला आणि पहिल्या घरात पेन्सिलीने 'ति' लिहिलं. संध्याकाळी मुलीने ते खोडलं आणि पेनने 'इ' लिहिलं. ती इथेच जन्मली, तिला दुसरा पर्याय दिसलाच नाही. मी दोघांनाही "बरोबर" म्हणालो. वडील चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिले. फॅरेलचं कोडंही दोन उत्तरांचं राहिलं ते एकच दिवस. ६ नोव्हेंबरच्या वर्तमानपत्रानंतर 'बॉब डोल' चूकच ठरलं. वडिलांचं वय एकोणऐंशी आहे. या महिनाअखेर त्यांना पक्कं उत्तर कळवायचं मी कबूल केलं आहे.

तर स्नेही, मिळतं ते हे. आणि वाचकहो, 'मीठ-पीठ'सारख्या, परस्परांशी नातं नसलेल्या जोड्या कुणाला सुचल्या तर संपादकांकडे जरूर पाठवाव्यात. सात जमल्या की पुन्हा बसू.