नेसणे, घालणे, बांधणे : मराठी आत्मपर लेखनातील वेष आणि निवड

आत्मचरित्रांवरील आपल्या प्रबंधांत 'समाजजीवन' या प्रकरणाखाली 'वेषभूषा' असा एक पोटविभाग बहुधा असतोच. त्यात लुगडे, चोळी, धोतर, उपरणे, पागोटे यांची नोंद होते, दोन-चार अवतरणे येतात आणि लेखकाने तत्कालीन वातावरण हुबेहूब उभे केले आहे असा अभिप्राय देऊन अभ्यासक पुढील पोटविभागाकडे, म्हणजे बहुधा 'खाद्यपदार्थां'कडे, वळतो. दुसऱ्या पद्धतीचे समीक्षक याहून धीट असतात. माणसाच्या नित्याच्या वेषावरून त्याचे जीवन आणि स्वभाव वाचता येतात, असे ते गृहीत धरतात. साधे धोतर दिसले की साधेपणा, कडक इस्त्रीचा कोट दिसला की करारीपणा! पहिल्या पद्धतीत वेष ही केवळ सजावट ठरते, दुसऱ्या पद्धतीत तो स्वभावाचा आरसा ठरतो. वेष कोणी ठरविला, हा प्रश्न मात्र दोन्ही पद्धतींत विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न भाषेच्या बाजूने विचारावयाचा आहे.

आरंभ क्रियापदांपासून करणे सोयीचे होईल. इंग्रजीत टोपीपासून जोड्यापर्यंत सर्व वस्त्रांना एकच क्रियापद पुरते. मराठीत तसे नाही. लुगडे, धोतर, पंचा ही नेसावयाची. अंगरखा, सदरा, चोळी ही घालावयाची. शाल पांघरावयाची, उपरणे आणि पदर घ्यावयाचा, फेटा बांधावयाचा. हा भेद केवळ शब्दांच्या समृद्धीचा नव्हे, तो वस्त्राच्या रचनेचा भेद आहे. जे कापड शिवलेले नाही आणि देहाच्या अधोभागाभोवती गुंडाळल्यावरच ज्याला वस्त्राचे रूप येते, ते नेसावयाचे. ज्याला आकार शिंप्याने आधीच दिला आहे आणि ज्यात केवळ हातपाय सारावयाचे आहेत, ते घालावयाचे. हा विवेक जुना आहे. संस्कृतातील 'निवस्' हा 'नेसणे'चा पूर्वज. पाली ग्रंथांत भिक्षू अंतर्वस्त्र धारण करतो तेथे 'निवासेति' आणि वरचे चीवर घेतो तेथे 'पारुपति' असा काटेकोर भेद पाळलेला आढळतो. 'पांघरणे' हे प्राकृत 'पंगुरण'च्या कुळातले होय.

अधिक महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे. 'तिने चोळी घातली' असे आपण म्हणतो. तेथे क्रियापद चोळीशी जुळते, कर्त्याला तृतीया लागते. परंतु 'ती लुगडे नेसली', 'तो धोतर नेसला' येथे सकर्मक क्रियापद असूनही भूतकाळात कर्तरी प्रयोगच राहतो. 'शिकणे', 'बोलणे', 'विसरणे' यांच्या पंक्तीत 'नेसणे' बसते, हे प्रयोगविचार शिकविताना आपण सांगतो आणि अपवाद म्हणून सोडून देतो. वस्तुतः हा अपवाद मार्मिक आहे. शिकणारा शिकण्याने बदलतो, विसरणारा विसरण्याने बदलतो. या क्रियांचे फळ कर्त्याच्याच ठायी साठते. नेसण्याचेही तसेच आहे. नेसण्यापूर्वी लुगडे हे केवळ नऊ वार कापड असते. निऱ्या, ओचा, कासोटा, पदर ही त्याची सारी अंगे नेसणारीच्या हातून रोज सकाळी नव्याने निर्माण होतात आणि रात्री नाहीशी होतात. 'लेणे' हे क्रियापदही ('ती दागिने ल्याली') याच वळणाचे आहे. तेही मागे पडत चालले आहे, ही गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते.

वेष आणि भाषा यांची तुलना भाषाशास्त्रात नवीन नाही. प्योत्र बोगातिर्योव याने 1937 मध्ये मोराव्हियातील स्लोव्हाक प्रदेशाच्या लोकवेषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विवाहित-अविवाहित, सण-कामाचा दिवस, हे गाव-ते गाव असे भेद वेष कसे दर्शवितो, हे त्याने दाखविले. त्रुबेत्स्कोय याने 1939 च्या आपल्या वर्णविचारविषयक ग्रंथात या अभ्यासाचा आधार घेऊन स्वनविज्ञान आणि वर्णविचार यांतील भेद स्पष्ट केला. रोलाँ बार्त याचा फॅशनवरील ग्रंथ 1967 चा. त्यात तर प्रत्यक्ष वस्त्र बाजूला सारून नियतकालिकांतील वस्त्रवर्णनाचीच मीमांसा आहे. आपल्याकडे गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेषावरील इंग्रजी ग्रंथ 1951 मध्ये मुंबईस निघाला. साहित्य व शिल्प यांतील पुराव्यांचा साठा म्हणून तो आजही उपयुक्त आहे. परंतु साठा आणि मीमांसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या तुलनेला एक मर्यादा आहे आणि ती आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. भाषेत दोन पर्याय असले तरच शैलीचा प्रश्न उपस्थित होतो. जेथे व्याकरण एकच रूप लादते तेथे कोणी वक्त्याच्या शैलीची वाखाणणी करीत नाही. बोगातिर्योवलाही हे ठाऊक होते. लोकवेष हा गावाच्या संमतीने चालतो, व्यक्तीच्या लहरीने नव्हे, असे तो मानतो. मग मराठी आत्मपर लेखनातील वेषात शैली किती आणि व्याकरणाची सक्ती किती, हे प्रत्येक ठिकाणी तपासल्यावाचून 'स्वभावाचा आरसा' ही उपमा वापरण्याचा अधिकार समीक्षकाला पोचत नाही.

पुण्यातलेच उदाहरण घेऊ. 1888 मध्ये सुरू झालेल्या 'सुधारका'तून गोपाळ गणेश आगरकरांनी स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत या आशयाच्या मथळ्याचा निबंध लिहिला. आगरकरांच्या बुद्धिवादाचा नमुना म्हणून तो पुष्कळदा सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि येथे निवडीचे स्वरूप कसे आहे ते पाहावे. मागणी 'घालण्या'च्या वस्त्राची आहे, 'नेसण्या'च्या नव्हे. शिंप्याने शिवलेले, परभाषेतून नाव घेऊन आलेले एक वस्त्र आहे त्या वेषात वाढवावयाचे आहे. मथळ्यात स्त्रिया कर्त्याच्या जागी आहेत आणि 'पाहिजे' म्हणणारा पुरुष आहे. याने निबंधाचे मोल कमी होत नाही. परंतु त्याला स्त्रियांच्या वेषस्वातंत्र्याचा जाहीरनामा समजणे अतिशयोक्तीचे होईल.

त्याच काळात, त्याच शहरात, केशवपन झालेल्या विधवेच्या अंगावर अलवण असे. या शब्दापाशी शैलीची चर्चाच संपते. अलवण हे तांबड्या रंगाचे लुगडे खरे, पण तो शब्द वस्त्रापेक्षा अवस्थेचाच अधिक वाचक आहे. 'सोवळे' या शब्दाची वाटचालही अशीच उद्बोधक आहे. मुळात शुचितेची अवस्था, मग त्या अवस्थेत नेसावयाचे वस्त्र आणि शेवटी 'सोवळी' म्हणजे केशवपन केलेली विधवा! एकाच शब्दात विधी, कापड आणि माणूस एकवटले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधील वडिलांच्या सोवळ्याची वर्णने वाचताना आपण हसतो, आणि लक्ष्मीबाईंचीही तीच इच्छा असावी. पण त्या विनोदाखाली घरातील बायकांचे केवढे कष्ट दडलेले आहेत, हे त्यांनी कोठेही लपविलेले नाही. आनंदीबाई कर्वे यांच्या 'माझे पुराण' (1944) या आत्मचरित्राचा वाचक वैधव्याकडून 1893 च्या पुनर्विवाहाकडे जातो, तेव्हा वेषातील बदल हा रुचीचा बदल नसून सामाजिक स्थानाचा बदल असतो.

या विषयातील सर्वांत मोलाचा पुरावा मात्र पुण्याच्या पेठांबाहेरचा आहे, जरी तो वाचकांपुढे प्रथम आला पुण्याच्याच 'स्त्री' मासिकातून. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 मध्ये पुस्तकरूपाने निघाले. फलटणच्या परिसरातील महार वस्तीचे जीवन हा त्याचा विषय. लुगड्याचा काठ दिसेल अशा रीतीने नेसण्याचा अधिकार वरच्या जातींच्या स्त्रियांचा मानला जाई आणि महार स्त्रीला तो काठ निऱ्यांत दडवावा लागे, ही गोष्ट बेबीताईंनी सांगितली आहे. पाठ्यपुस्तकी समीक्षेत हा तपशील 'विदारक वास्तव' या नेहमीच्या शब्दांखाली जमा होतो. पण तो जरा थांबून पाहावा.

काठ मागावर विणलेलाच असतो. तो कापडातून वगळलेला नाही, फाडलेला नाही. तो आहे, पण दिसावयाचा नाही. पाणिनीने लोपाचा अर्थ 'अदर्शन' असा केला, याची येथे आठवण होते. लोप पावलेला प्रत्यय नाहीसा होत नाही. त्याचे कार्य चालू राहते, फक्त तो दिसत नाही. दडविलेला काठही तसाच कार्य करीत असे. पाहणाऱ्याला तो जात सांगे. आणि हा लोप कोण घडवून आणीत असे? स्वतः नेसणारी. रोज सकाळी, स्वतःच्या हाताने, निऱ्या घालता घालता. 'ती लुगडे नेसली' या वाक्यातील कर्तरी प्रयोग येथे क्रूर होतो, कारण क्रिया तिची आहे आणि इच्छा दुसऱ्याची. वेषाला भाषा म्हणणाऱ्या कोणत्याही सिद्धांताने हे उदाहरण आधी पचवावे, मग पुढे जावे.

1927 च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केले. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीकडे त्यांचे लक्ष वेधले. जात ओळखू येईल असे नेसू नका, अस्पृश्यतेची खूण ठरणारे जड दागिने टाका, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असा त्या उपदेशाचा आशय होता. स्त्रियांनी आपली नेसण्याची तऱ्हा तत्काळ बदलली. आगरकर आणि आंबेडकर या दोघांच्या उपदेशांत पुरुषच बोलतो, हे साम्य खरे. भेद असा की महाडला नवे वस्त्र विकत घ्यावयाचे नव्हते, शिंप्याकडे जावयाचे नव्हते. तेच लुगडे, तेच नऊ वार, केवळ नेसणे बदलावयाचे होते. ऐकून उठणारी स्त्री ते तेथल्या तेथे करू शकत होती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (1989) या ग्रंथाने अशा स्त्रियांचा वृत्तांत आपल्यापुढे ठेवला नसता, तर हा सारा भाग भाषणांच्या खंडांत एक परिच्छेद म्हणून राहिला असता.

पुरुषांच्या वेषाविषयी थोडक्यात. पागोटे बांधावयाचे, पगडी घालावयाची. पगडी कारागीर एकदा बांधून घट्ट करतो, मग ती टोपीसारखी डोक्यावर चढते. पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2018 मध्ये पुणेरी की फुले पगडी असा वाद राजकीय व्यासपीठावरून निघाला आणि 2019 च्या जानेवारीत तो आपल्या विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभापर्यंत येऊन पोचला. वादाच्या न्यायान्यायात येथे शिरण्याचे कारण नाही. आक्षेप घेणाऱ्या विद्यार्थ्यांना वेषाचे चिन्हत्व अचूक उमगले होते, एवढे म्हणता येईल. मौज अशी की फुल्यांच्या प्रचलित चित्रांतील शिरोवेष्टन बांधलेल्या पागोट्याच्या जातीचे दिसते, तरी वादात त्याला 'पगडी' हेच नाव मिळाले. आता दोन्ही तयार मिळतात. बांधण्याचे कौशल्य दोन्हींकडून गेले, आणि दोन्हींचे क्रियापद 'घालणे' झाले.

येथून वर्गातील एका नित्याच्या प्रसंगाकडे येता येते. विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेत 'तिने साडी घातली' असे लिहितात आणि परीक्षक तांबड्या शाईने 'नेसली' करतात. हिंदीचा परिणाम, असे निदानही लगेच होते. हिंदीचा वाटा नाकारता येणार नाही, तथापि एवढ्यावर थांबणे बरोबर नाही. 'तिने साडी नेसली' असा मधला प्रयोगही आता सर्रास ऐकू येतो. तेथे क्रियापद जुने, पण कर्त्याला तृतीया लागलेली. म्हणजे शब्द जाण्याआधी प्रयोग गेला. वस्त्राचे रूप आपल्या हातून घडते ही जाणीव ओसरली, की 'नेसणे' इतर सकर्मक क्रियापदांसारखे वागू लागते, असे अनुमान करावयास जागा आहे. ते तपासण्यासाठी वय, शिक्षण आणि प्रत्यक्ष नेसण्याचा सराव यांची एकत्र पाहणी व्हावयास हवी. विषय पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातला आहे.

लक्ष्मी रस्त्यावर आणि आसपासच्या दुकानांत शिवलेली तयार नऊवारी मिळते. ओचा आणि कासोटा शिलाईनेच बसविलेले असतात. लग्नाला किंवा गणपतीच्या मिरवणुकीला जाणारी मुलगी ती पायजम्यासारखी चढविते, आणि 'नऊवारी घातली' म्हणते. तिचे वाक्य शुद्धच आहे. ती वस्तू घालण्याचीच आहे. विक्रेता तिला कंबरेचे माप विचारतो, वारांचा हिशेब कोणी करीत नाही, आणि चिठ्ठीवर वस्तूचे नाव मात्र 'नऊवारी' असेच लिहिलेले असते.