वाइनचा ग्लास आणि जिभेचा नकाशा

पेट झाली, विषय ठरला आणि आता पूर्वसंशोधनाचा आढावा लिहायचाय, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर आज एका महागड्या ग्लासाची गोष्ट वाचा. तुम्ही वाइन पीत नसाल तरी चालेल.

ऑस्ट्रियातल्या रीडल कंपनीच्या क्लाउस रीडल यांनी १९७३ मध्ये 'सॉमेलिए' नावाची ग्लासांची मालिका आणली. पातळ काच, लांब दांडी आणि वाइनच्या प्रकारानुसार वेगवेगळा आकार. घरी वाइन पिणाऱ्यांना असे ग्लास विकताना एक स्पष्टीकरण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं: ग्लासाचा आकार वाइन जिभेच्या ठरावीक भागावर नेऊन सोडतो. गोड टोकाला कळतं, कडू मागे कळतं, म्हणून ग्लास बदलला की चव बदलते.

हा जिभेचा नकाशा आपण शाळेत काढलाय, हो ना? त्याचं मूळ हेनिग यांच्या १९०१ च्या जर्मन निबंधात आहे. त्यांना जिभेच्या कडेकडेने संवेदनशीलतेत थोडाथोडा फरक दिसला होता. १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांनी आपल्या पुस्तकात तो आलेखातून असा मांडला, की जिथे संवेदना कमी तिथे ती जणू नाहीच, असं वाचणाऱ्याला वाटावं. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजलं. फरक आहेत, पण किरकोळ. सगळ्या चवी सगळीकडे कळतात.

म्हणजे ग्लासाचा दावा खोटा? पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये मी अगदी हेच बोललो आणि खूश होऊन खाली बसलो. मॅडमनी एवढंच विचारलं, "स्पष्टीकरण चुकीचं निघालं, पण परिणाम मोजलास का?" मी मोजला नव्हता. कुणी मोजलाय का, हेसुद्धा शोधलं नव्हतं.

मोजलेला आहे. २०१५ मध्ये टोकियोतल्या मित्सुबायाशी यांच्या गटाने ग्लासाच्या तोंडावर एन्झाइम लावलेली जाळी ठेवली. अल्कोहोलची वाफ लागली की रासायनिक क्रियेतून प्रकाश निघतो आणि कॅमेरा तो टिपतो. १३ अंश सेल्सिअसला वाइनच्या ग्लासात वाफेचं कडं दिसलं: काठाशी अल्कोहोल जास्त, मधे कमी. सरळ ग्लासात आणि कॉकटेलच्या ग्लासात ते दिसलं नाही. तापमान वाढवल्यावर वाइनच्या ग्लासातही नाही. आकाराने काहीतरी होतं, पण ते जिभेशी नाही, नाकाशी. आणि बघा, हे फक्त वाफेचं मोजमाप आहे. नाकाला तो फरक कळतो का, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न.

तो प्रश्न डेलविच आणि पेलचॅट यांनी २००२ मध्येच घेतला होता. लोकांचे डोळे बांधले, ग्लास हातात दिला नाही, फक्त वास घ्यायला लावला. फरक मिळाला, पण छोटा.

माझी खरी तक्रार इथून पुढे आहे. हा छोटा फरक दाखवून 'महाग ग्लास म्हणजे फसवणूक' असं लिहिणारे दुसरी चूक करतात. त्या प्रयोगाने आकाराचा प्रश्न नीट वेगळा काढला, आणि कंपनीचा दावा आकाराचाच होता. पण क्रिस्टल विकत घेणारा माणूस फक्त आकार घेतो का? (युरोपीय नियमानुसार लेड क्रिस्टलमध्ये किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं; चमक आणि वजन त्यातून येतं. आता शिसं नसलेलंही मिळतं.) तो चमक घेतो, वजन घेतो, टिचकी मारल्यावरचा नाद घेतो. डोळे बांधून आणि हात दूर ठेवून नेमकं तेच आपण प्रयोगाबाहेर ठेवलं. कंट्रोल म्हणून ते बरोबरच होतं. पण घरी बसून मिळणाऱ्या आनंदाबद्दलचा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आकार एकच ठेवा, एक ग्लास साधा आणि एक क्रिस्टलचा. एकदा डोळे बांधून, एकदा उघड्या डोळ्यांनी, एकदा ग्लास हातात देऊन. ओतणारा एक, समोर आणून ठेवणारा दुसरा. आणि ठेवणाऱ्याला तुमची अपेक्षा काय आहे ते सांगू नका.